काचेवरचे अक्षर

फोन वाजला तेव्हा बाई खिडकीशी बसून पेन्सिलींना टोके काढत होत्या.

"बाई, मी फौजदार बोलतोय."

"माझ्या वर्गात कुणी फौजदार नव्हता बाबा. एक दौत्या होता, शाईची दौत सांडून वर 'ती आपोआप पडली' म्हणणारा."

एरवी पलीकडून हसू आले असते. आज आले नाही.

"बाई, एक मुलगी नाहीशी झालीय. नऊ वर्षांची. काल दुपारपासून पत्ता नाही. मागे चिठ्ठी आहे, तिच्याच अक्षरातली. गाडी पाठवलीय. येता ना?"

बाईंनी चाकू मिटला आणि पायांत चपला सरकवल्या.

पहिलीच्या पोरांचे हात धरून 'ग म भ न' गिरवून घेण्यात बाईंचा उभा जन्म गेला होता. त्या निवृत्त झाल्यावर हाच दौत्या, आता फौजदार झालेला, एक निनावी पत्र घेऊन त्यांच्याकडे आला आणि मग तो पायंडाच पडला. कुणाची खोटी सही, कुणाचे धमकीचे पत्र. बाई चष्मा पुसून बघत आणि दोन शब्दांत सांगून मोकळ्या होत. बाई अक्षरावरून माणूस ओळखतात, असे लोक म्हणत. बाई म्हणत, "माणूस कसला ओळखते! मी हात ओळखते. माणसाचं तुमचं तुम्ही बघा."

पोलीस ठाण्यात फौजदाराने चिठ्ठी पुढे ठेवली. साधा पांढरा कागद, त्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी:

मी बाबांकडे जाते. मला शोधू नका. आईला सांगा, मी खूश आहे.

"घरी तिला टिकली म्हणतात," फौजदार म्हणाला. "आई-वडील वेगळे राहतात. पोरगी आईकडे असते. उद्या सकाळी न्यायालयात तारीख आहे, ती कुणाकडे राहणार त्याचा निकाल. वडिलांना दूरच्या शहरात काम मिळालंय आणि पोरीला ते बरोबर नेणार म्हणतात. काल रविवार. सकाळी शिकवणीची ताई येऊन गेली. मग आई कामाला गेली आणि दुपारी परत आली, तर पोरगी नाही आणि ही चिठ्ठी."

"कुठे होती?"

"जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या जगखाली."

"नुसती ठेवलेली? कुठे चिकटवलेली नव्हती?"

"नाही. का हो?"

बाईंनी चष्मा पुसला. त्या कागदाच्या वरच्या दोन कोपऱ्यांकडे बघत होत्या. तिथला पापुद्रा किंचित उचकटला होता. त्यांनी कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवले. पाठ गुळगुळीत होती, पेन्सिलीचा एक वळही उमटला नव्हता. पुन्हा सुलटा करून त्यांनी अक्षरे पाहिली. गोल, मोठी, नीटस अक्षरे. शिरोरेषा ताठ, आखल्यासारखी, दोन्ही टोकांना स्वच्छ.

"पोरीचं वर्णन वाच बघू."

फौजदाराने आईने लिहून दिलेला कागद वाचला. "निळा फ्रॉक, पांढऱ्या सँडल. चष्मा आहे. कपाळावर डावीकडे पडल्याची जुनी खूण. उंची वयाच्या मानाने कमी. बस, एवढंच."

"आणि वडील?"

"आतल्या खोलीत बसवलेत. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. काल दिवसभर कुठे होतात विचारलं, तर म्हणे नदीकाठी फिरत होतो, एकटाच. त्यांची खोली पालथी घातली. काही नाही. पण चिठ्ठी त्यांचंच नाव घेतेय, बाई. मी त्यांना सोडू कसा? आणि उद्या ते न्यायालयात गेले नाहीत, तर निकाल त्यांच्या विरुद्ध गेल्यातच जमा."

आतल्या खोलीत एक रुंद खांद्यांचा माणूस खुर्चीच्या कडेवर बसला होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा.

"तुम्ही कोण?"

"मी पोरांना लिहायला शिकवायची. टिकलीने तुम्हाला कधी कागदावर काही लिहून दिलंय का?"

त्याने मागच्या खिशातून पाकीट काढले. पाकिटात चौपदरी घडी केलेला एक पुठ्ठा होता. वाढदिवसाला दिलेले भेटकार्ड. "गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकात दिलं होतं. लपून."

बाईंनी घडी उलगडली. 'बाबा मला तुमची आठवण येते.' अक्षरे वेडीवाकडी, कोंबडीच्या पायांसारखी. काही ठिकाणी पेन्सिल पुठ्ठ्यात रुतलेली, काही ठिकाणी जेमतेम टेकलेली. आणि प्रत्येक शिरोरेषेच्या शेवटी एक काळा ठिपका होता, जणू पेन्सिल तिथे विसावा घ्यायला बसली होती.

फौजदार खांद्यावरून डोकावला. "बघा! दोन्ही अक्षरांचा मेळ नाही. हे यांनीच डाव्या हाताने खरडलं असणार."

"मी?" तो माणूस उठला. "माझ्या पोरीने दिलंय ते! अहो, मला काय हवं ते विचारा, पण आधी तिला शोधा. इथे माझ्या तोंडाकडे काय बघत बसलात?"

"तुम्ही तिला घेऊन जाईन असं म्हणाला होतात का?" बाईंनी शांतपणे विचारले.

तो खाली बसला. "म्हणालो होतो. रागात. 'घेऊन जाईन, तुला पत्तासुद्धा लागणार नाही.' राग निघून गेला, पण तोंडातून गेलेला शब्द माघारी येत नाही."

*

टिकलीचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, चकाचक पुसलेल्या. आई कपड्यांच्या कारखान्यात नक्षी उतरवायचे काम करी. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवायचा आणि पान-फूल जसेच्या तसे त्यावर काढायचे, मग त्या कागदावरून शिलाई. खिडकीच्या काचेवर असाच एक वेलीचा कागद लावलेला होता आणि त्यातून ऊन झिरपत होते.

आईचा चेहरा उतरला होता, पण हातांना विसावा नव्हता. ती पुसलेले टेबल पुन्हा पुसत होती.

"अक्षर तिचंच आहे?" बाईंनी विचारले.

"झोपेतून उठवलं तरी ओळखीन, बाई. तिच्या टॅबमध्ये बघा ना, तंतोतंत हेच अक्षर."

"वहीत?"

"वह्या कुठल्या? त्यांच्या शाळेत पहिलीपासून सगळं टॅबवर. घरात तुम्हाला कागद सापडेल तो माझ्या कामाचा."

"टॅबवरचं लिखाण तिच्या वडिलांना दिसतं?"

"आधी फोनवर दिसायचं. त्यांचं नाव मी शाळेला सांगून काढून टाकलं."

"घरात आणखी कुणी असतं का? नातेवाईक?"

"माझी बहीण आहे, तासाभरावर राहते. कळवलंय तिला." आईने फडका पिळला. "ती तरी काय करणार येऊन?"

कोपऱ्यात एक तरुण मुलगी नखे खात उभी होती, शिकवणीची ताई. फौजदार तिच्याकडे वळला.

"काल शेवटचं तुम्ही पाहिलंत तिला. काय शिकवलं?"

"गोष्ट लिहायला दिली होती, मांजराच्या पिल्लाची. खूप छान लिहिली तिने. पिल्लू घर सोडून चंद्रावर जातं आणि..."

"वडिलांचा विषय निघाला?"

ताई पुन्हा नख खाऊ लागली.

"निघाला की नाही?"

"माझ्या फोनवरून ती कधीकधी बोलायची बाबांशी. पाच मिनिटं. रडायची हो ती, काय करू?"

आईच्या हातातला फडका थांबला. "माझ्या घरात बसून? माझ्या पाठीमागे?"

"ताई, रागावू नका..." शिकवणीची मुलगी तिच्याकडे वळून म्हणाली.

"ताई म्हणू नकोस मला!"

फौजदाराने बाईंकडे असे पाहिले, जणू मासा गळाला लागला. बाईंचे लक्ष टेबलावरच्या टॅबकडे होते.

"हा उघडून दाखवता का कुणी? मला या पाटीतलं काही कळत नाही."

ताईने टॅब उघडला आणि डोळे मिचकावले. "अगं बाई! एवढा उजेड कुणी ठेवला? हिचा चष्म्याचा नंबर वाढतोय, डोकं दुखतं तिचं. मी नेहमी एकदम मंद ठेवते. कालसुद्धा मंदच होता."

"टिकलीनेच वाढवला असेल," आई म्हणाली.

पडद्यावर पिल्लाची गोष्ट उमटली. गोल, मोठी, नीटस अक्षरे. ताठ शिरोरेषा. चिठ्ठीतलेच अक्षर, यात शंका नव्हती.

निघताना बाई दाराशी थांबल्या. चौकटीला एक खिळा होता. खिळ्याखाली भिंतीवर फुलाचे चित्र चिकटवलेले होते, पण खिळ्यावर काही टांगलेले नव्हते.

"इथे काय असतं?"

"तिचा पंप," ताई म्हणाली. "दम्याचा. जिना चढून आली की लागतोच तिला."

"मग आता कुठे आहे?"

"तिच्याकडे आहे," आई म्हणाली आणि टेबल पुसायला वळली.

जिना उतरताना फौजदार कुजबुजला, "ताईच, बाई. तिनेच पोरीला वडिलांपर्यंत पोचवलं. दोघं मिळालेले आहेत."

"असतील. दौत्या, मला शाळेत ने."

"शाळेत? पोरगी तिथे नाही हो!"

"तिचा हात तिथे आहे."

*

चौथीच्या वर्गात कागदाचा वास नव्हता. भिंती कोऱ्या, बाके कोरी, प्रत्येक बाकावर एक काच. बाईंनी घरून आणलेल्या पेन्सिली आणि कोरे कागद वाटले, तशी मुलांनी पेन्सिली उलट्यासुलट्या करून पाहिल्या.

"आजी, ही चार्ज कुठे करायची?"

"हिला चार्ज लागत नाही रे राजा. टोक मोडलं की मात्र रडते. लिहा बघू, 'मला मांजर आवडते.'"

वर्गात खसखस पिकली आणि मग शांतता पसरली. बाई बाकांमधून हळूहळू फिरू लागल्या, पूर्वी फिरत तशा, पाठीमागे हात बांधून. थोड्याच वेळात त्यांची चाल मंदावली.

एकाही मुलाचे मनगट कागदावर टेकलेले नव्हते. सगळ्यांचे हात हवेत तरंगत होते, पाण्यावर चालणाऱ्या किड्यासारखे.

"हात टेकव ना गं. दुखेल."

"टेकवला तर रेघा उमटतात ना, आजी. टॅबवर."

मागच्या बाकावरचा एक गुबगुबीत मुलगा कागदावर दोन बोटे टकटक वाजवत होता.

"काय करतोस रे?"

"चुकलं. मागे जातच नाहीये!"

वर्ग हसला. बाईही हसल्या. त्याच वेळी त्यांची नजर पुढच्या मुलीवर गेली. तिने शब्द लिहिले, वर लांब शिरोरेषा ओढली, आणि रेघेच्या शेवटी पेन्सिल तशीच दाबून धरून बसली.

"का थांबलीस गं?"

"रेघ सरळ व्हायची वाट बघतेय."

"कशी होईल?"

"टॅबवर होते. वाकडी काढली तरी चालते. शेवटी पेन धरून ठेवायचं, की आपोआप सरळ होते. आमच्या मिसनी शिकवलंय. इथे का होत नाही?"

तिने पेन्सिल उचलली. रेघेच्या टोकाला काळा ठिपका पडला होता.

बाईंनी कागद गोळा केले. अक्षर कुणाचे उंटासारखे, कुणाचे मुंगीसारखे. पण वाकड्यातिकड्या प्रत्येक शिरोरेषेच्या टोकाला ठिपका होता. वर्गात एक मूल असे नव्हते की ज्याची पेन्सिल तिथे थांबली नाही.

बाहेर आल्यावर बाई पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा पाहून फौजदार बोलता बोलता थांबला.

"काय झालं, बाई?"

"पोरगी सुखरूप असावी," बाई म्हणाल्या. "त्याचाच आनंद मानते. बाकी काही चांगलं नाही यात. सगळ्यांना ठाण्यात बोलाव. तो टॅब घेऊन यायला सांग. आणि त्या मावशीचा पत्ता काढून तिच्याकडे एक बाईमाणूस शिपाई पाठव. वर्दीत नको. पोर घाबरेल."

*

दिवेलागणीला ठाण्यातल्या खोलीत पाच माणसे बसली. आई एका टोकाला, वडील दुसऱ्या टोकाला. मधे शिकवणीची ताई, रडून डोळे लाल झालेली. फौजदार दाराशी. बाई टेबलाशी.

"दौत्या," बाई म्हणाल्या, आणि फौजदाराने चारचौघांतले ते नाव मुकाट गिळले, "ही चिठ्ठी टिकलीची नाही."

"अक्षर तर तिचंच आहे!"

"अक्षर तिचं, हात तिचा नाही. हे बघ." त्यांनी वर्गातले कागद पसरले आणि मधोमध वडिलांकडचे भेटकार्ड ठेवले. "ही पोरं काचेवर लिहायला शिकली. काच त्यांच्या वाकड्या रेघा सरळ करून देते, फक्त शेवटी पेन धरून ठेवावं लागतं. तो थांबा त्यांच्या हाडात मुरलाय. कागदावरही ती थांबतात. हे सगळे ठिपके बघ. आणि कार्डावर?"

"ठिपके आहेत," फौजदार हळूच म्हणाला. "म्हणजे कार्ड खरं."

"आणि चिठ्ठीत?"

त्याने वाकून पाहिले. "एकही नाही."

"काचेवर थांबलेलं दिसत नाही, नुसती सरळ झालेली रेघ दिसते. ज्याने चिठ्ठी केली, त्याने जे दिसलं ते उतरवलं. हात कुठे थांबतो, ते त्याला ठाऊकच नव्हतं. टिकलीला कागदावर लिहिताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं."

"उतरवलं म्हणजे?"

बाईंनी ताईला खूण केली. ताईने पिल्लाची गोष्ट उघडली आणि उजेड पूर्ण वाढवला. बाईंनी चिठ्ठी त्या काचेवर ठेवली. कागदातून खालची अक्षरे वर आली. त्यांनी कागद हळूहळू सरकवला आणि एके ठिकाणी सोडला.

'शोधू नका' वर 'शोधू नका' बसले. काना कान्यावर, उकार उकारावर. कुठे केसाएवढीही फट राहिली नाही.

त्यांनी पुन्हा सरकवला. 'आईला सांगा.' पुन्हा. 'बाबांकडे.' चंद्रावर निघालेल्या पिल्लाच्या तोंडचेच हे शब्द होते.

"कुठलाही माणूस एक शब्द दोनदा अगदी एकसारखा लिहू शकत नाही," बाई म्हणाल्या. "मी जन्मभर 'कमळ' फळ्यावर लिहिलं, दोन कमळं कधी जुळली नाहीत. जुळली, की समजायचं, गिरवलंय. खाली कडक काच होती, म्हणून कागदाच्या पाठीवर वळ नाही. उजेड हवा होता, म्हणून टॅबचा उजेड वाढवला. गोष्ट काल सकाळी लिहिली गेली, म्हणजे चिठ्ठी त्यानंतरची. आणि टॅब घराबाहेर गेलाच नाही."

वडिलांनी मान वर केली. "मी त्या घराची पायरी वर्षभर चढलेलो नाही."

"आणि स्वतःवर आळ येईल अशी चिठ्ठी तुम्ही करणार तरी कशाला?"

"मग हिने!" आईने ताईकडे बोट दाखवले. "हिला सगळं माहीत होतं!"

"तिने उजेड वाढवला असता, तर उजेड वाढलाय हे सगळ्यांच्या देखत ती बोलली नसती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात पाढा सांगावा तसा संथ होता. "कागदाच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर पापुद्रा निघालाय. चिठ्ठी तर जगखाली नुसती ठेवलेली होती. मग कोपरे कशाने उचकटले? चिकटपट्टीने. गिरवताना कागद हलू नये म्हणून. तुम्ही-आम्ही गिरवलं असतं, तर डाव्या हाताने दाबून धरलं असतं. आधी कोपरे पक्के करायचे आणि मग पेन्सिल उचलायची, ही सवय रोज तेच काम करणाऱ्या हाताची."

आई हसली. ते हसू बघवत नव्हते. "चिकटपट्टी कुणाच्या घरात नसते?"

"असते. म्हणून मी थांबले होते. चिकटपट्टीवरून कुणावर बोट ठेवू नये. पण बाळ, तुम्ही पोलिसांना टिकलीचं वर्णन लिहून दिलंत. फ्रॉकचा रंग लिहिलात, सँडल लिहिल्यात, कपाळावरची खूणसुद्धा लिहिलीत. दमा लिहिला नाहीत."



"विसरले. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

"डोकं ठिकाणावर नसलं की आईला आधी तेच आठवतं. पोर बेपत्ता झाली, तर पहिली धाव त्या खिळ्याकडे. पंप दिसला तर काळजाचं पाणी, नाही दिसला तर निदान एक घास गिळवेल. तुम्ही मला 'तिच्याकडे आहे' म्हणालात. 'असेल' म्हणाला नाहीत. आणि भाची हरवलीय हे कळूनही तासाभरावरची मावशी आली नाही. अशी मावशी मी पाहिली नाही. ती आली नाही, कारण तिच्या घरात पाहुणी होती."

आईने तोंडावर पदर धरला नाही, हंबरडा फोडला नाही. तिने फक्त टेबलावरून हात फिरवला, जणू तिथे काही सांडले होते.

"हे म्हणाले होते, पत्ता लागणार नाही," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मी झोपलेली नाही. तिला शाळेतून यायला जरा उशीर झाला तरी मी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. उद्या हे तिथे बोलले असते. गोड बोलता येतं त्यांना. मला नाही येत. मला वाटलं, उद्याचा एक दिवस यांनी तिथे उभं राहू नये. मग तिला घरी आणणार होते. म्हणणार होते, मावशीकडे गेली होती, पोरकटपणाने लिहिलं. मला काही रचता येत नाही, बाई. मला फक्त उतरवता येतं."

"अगं, मला एकदा विचारायचं तरी," वडील म्हणाले. "रागात बोललो होतो मी."

"तुम्ही रागात होतात. मी भ्यायले होते. दोन्ही गोष्टी एक नाहीत."

फौजदाराने घसा साफ केला. खोटी तक्रार, बनावट चिठ्ठी, वडिलांना आणि ताईला झालेला त्रास. तो एकेक सांगू लागला आणि आई प्रत्येकाला मान हलवत राहिली. ताई उठून तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली. आईने तो घेतला, पण तिला ताईकडे बघवले नाही.

तेवढ्यात दार ढकलले गेले.

"आई! मावशीने माझी नखं रंगवली! एका हाताची राहिलीत, या काकू आल्या ना मधेच." चष्मा नाकावर घसरलेली, गळ्यात पंप अडकवलेली टिकली उंबऱ्यात थबकली. मागे मावशी मान खाली घालून उभी होती. टिकलीने एकदा आईकडे पाहिले, एकदा वडिलांकडे. तिचा चेहरा उजळला.

"बाबा? तुम्ही दोघं एकत्र?"

तिने धावत जाऊन बाबांचा हात धरला आणि त्यांना ओढत टेबलापर्यंत, आईच्या जवळ आणले. टॅब अजून उजळलेलाच होता. त्यावर कागद होता. तिने तो उचलून वाचला.

"हे माझं अक्षर आहे," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण मी नाही लिहिलं."

"माहीत आहे, बाळा," बाई म्हणाल्या.

"मग कुणी लिहिलं?"

फौजदार भिंतीकडे बघू लागला. बाईंना उत्तर ठाऊक होते, पण ते त्यांनी द्यायचे नव्हते.

"मी," आई म्हणाली.

टिकलीने कागद पुन्हा वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग तो उपडा करून ठेवला. बाबांचा हात तिने सोडला नाही. आईचाही धरला नाही.

"उद्या ते न्यायाधीश मला विचारणार आहेत ना? तू सांगितलं होतंस, काय बोलायचं ते. आता मी काय सांगू?"

आईने तिचा घसरलेला चष्मा नीट केला.

"मी सांगितलं होतं, ते नको," ती म्हणाली. "आज काय झालं, ते सांग. सगळं."